बोलती घागर

शेडभर माणसं एकदम गप्प झाली, कारण घागर बोलू लागली होती.

कसबा बावड्याच्या पलीकडे, उसाच्या फडाला लागून ठोकलेली ती पत्र्याची शेड. अमावास्येची दुपार, वर पत्रा तापलेला, खाली धुपाचा धूर. मधोमध चौरंगावर तांब्याची घागर, तिच्या तोंडाला लाल फडकं, त्यावर नारळ. शेजारी घागरबाबा. "आपण काय करत न्हाय. सगळं घागर करती. आपण नुस्तं पोष्टमन!" असं ते दर अमावास्येला सांगायचे आणि लोक म्हणायचे, "काय साधी ऱ्हाणी!" पोष्टमनच्या बोटांत मात्र अंगठ्या मावत नव्हत्या.

पद्मावती लेकीचा हात घट्ट धरून पुढेच बसली होती. लेक आदिती, यंदा बारावीत. गेल्या वर्षीपर्यंत वक्तृत्वात बक्षिसं आणणारी ही मुलगी एकाएकी खोलीत कोणाशी तरी बोलू लागली, हाका येतात म्हणून कान दाबून बसू लागली. शहरातल्या डॉ. अमरसिंहांनी स्किझोफ्रेनियाचं निदान करून गोळ्या सुरू केल्या. आवाज मंदावले, पण पोर दिवसभर पेंगायची, अंग सुटलं, हसू गेलं. पद्मावतीला वाटे, अर्धी आजारानं नेली, उरलेली गोळ्यांनी.

अशात शेजारच्या बायडाबाईनं बाबांचं नाव सांगितलं. बाबांनी पहिल्याच फेरीत फर्मावलं, "गोळ्या बंद! औषध आन् घागर एका घरात नांदत न्हाईत." पद्मावतीनं नवऱ्याला, अरिहंतला, न सांगता गोळ्या बंद केल्या. थोड्याच दिवसांत आदितीची झोप उडाली. हाका पुन्हा सुरू झाल्या.

"कोण हाईस?" बाबा घागरीवर गरजले.

"आदूऽऽ," घागरीतून बाईचा घोगरा, ओढलेला आवाज आला. "आदूऽऽ, पाण्यात ये."

पद्मावतीनं ते शब्द ओळखले. पाण्यात ये. लेकीनं रडत सांगितलेले हेच ते शब्द. इतके महिने ती रिकाम्या कोपऱ्याकडे बघून "हिथं कोण न्हाय गं बाळा" म्हणत आली होती. आणि आज ते 'कोण' तिच्याही कानात बोललं होतं. म्हणजे पोर खरं सांगत होती. म्हणजे तिला खरंच कोणीतरी न्यायला आलं होतं. पद्मावती हादरली, आणि नवल म्हणजे, तिला सुटल्यासारखंही वाटलं. डोक्याचा आजार नव्हता तर!

"पाण्यातली बाधा, पाण्यातच सोडवाय पायजे," बाबा म्हणाले. "नदीवर न्यायची, तोंड पाण्याखाली धरायचं. आई, तू डोळं झाकायचं. तडफडती ती तुझी पोरगी न्हवं, ध्यानात ठेव."

"व्हय," पद्मावतीच्या तोंडून निघून गेलं. दोन सेवेकरी पुढे आले.

"आई," आदितीनं विचारलं, "तुला आवाज ऐकू आला?"

"आला गं."

"बायडामावशीला?"

"सगळ्यास्नी आला की!" बायडाबाई मागून म्हणाली.

"मग हा तो न्हाय."

"म्हंजे?"

"तो माझ्याशिवाय कुणालाच ऐकू येत न्हाय. हा घागरीतनं येतोय. आन् तो मला आदिती म्हणतो. आदू फक्त तू म्हणतीस."

"पिसाळलं ते! धरा तिला!" बाबा ओरडले.

सेवेकऱ्यानं आदितीचं मनगट पकडलं. पद्मावती उठली. लेक सांगते ते खरं की खोटं, हे तपासून बघावंसं तिला आजवर कधी वाटलं नव्हतं. तिनं नारळ बाजूला ढकलला, फडकं ओढलं आणि घागरीत हात घातला. हाताला आला मुठीएवढा स्पीकर, निळा दिवा लुकलुकणारा.

"आदूऽऽ," तो तिच्या तळहातावर बोलला.

रांगेतल्या आकाराम नावाच्या दूधवाल्यानं धावत जाऊन चौरंगामागचा पडदा ओढला. पडद्याआड एक बाई हातात माईक धरून बसली होती. वाढदिवसाला गाणी म्हणायला आणतात तसला, बटणानं आवाज बदलणारा. पद्मावतीनं तिला लगेच ओळखलं. मागच्या अमावास्येला हिनंच रांगेत चहा दिला होता, "लेकराला काय होतंय, ताई?" म्हणून मायेनं विचारलं होतं. आणि पद्मावतीनं मन मोकळं करताना म्हटलं होतं, "आमच्या आदूला कोणतरी पाण्यात ये म्हणतंय."

"घागरीनं परीक्षा घेतली तुमची!" बाबांनी हात वर केले. काही जणांनी तेव्हाही त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. पद्मावतीनं लेकीला सोडवून घरी आणलं. सगळं ऐकून अरिहंतनं जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली, तोवर शेडला कुलूप लागलं होतं.

"मग तिला ऐकू येतं ते खोटं?" पद्मावतीनं डॉक्टरांना विचारलं.

"तिच्यासाठी खोटं नाही. मेंदूच तो आवाज तयार करतो आणि तो तिला खराच ऐकू येतो. म्हणून तर उपचार. पेंग येते, वजन वाढतं, ते मला येऊन सांगा. गोळी बदलता येते, मात्रा कमी करता येते. पण मनानं बंद करायची नाही."

गोळी बदलली. वेळ लागला. आदिती रात्रीची झोपू लागली, पेंगणं कमी झालं. आवाज गेलेले नाहीत. अजूनही जेवता जेवता तिचा घास हातात थांबतो, आणि पद्मावतीचाही. त्या घागरीतला आवाज तिच्याही कानातून जात नाही. "व्हय" म्हणालेला स्वतःचा आवाज तर मुळीच नाही. ती लेकीला विचारते, "आला का?" आदिती म्हणते, "आला. बारीक हाय आज." मग घास तोंडात जातो.

परवा बिद्रीकडच्या एका अनोळखी बाईचा फोन आला. "ताई, ते घागरबाबा आमच्याकडं आल्यात. तुमच्या पोरीला गुण आला म्हणत्यात. खरं हाय का?"

"न्हाय. घागरीत स्पीकर असतोय. मी ह्या हातानं काढलाय. त्यांनी गोळ्या बंद करायला सांगितल्या का?"

"व्हय. पोराच्या बंद केल्यात," बाई म्हणाली. तिच्या मागे कोणीतरी एकसारखं पुटपुटत असल्याचं ऐकू येत होतं.

"बाई, त्यात कुणाचा शाप न्हाय, तुमचं पाप न्हाय. आजार हाय," पद्मावती म्हणाली. "पोराला डॉक्टरकडं न्या. आजच न्या. मी येते संगं."