तेरखेड्याची पेटी आणि लांबची लेकरं

मित्रांनो, मला म्हातारी म्हटलंत तरी चालेल. मी पत्र्याची पेटी. जन्म बार्शीच्या बाजारातला, सासर तेरखेड्याचं. फटाक्यांच्या कारखान्यात माझ्यात दारू ठेवायचे. हसू नका! आमच्या गावात दारू म्हणजे फटाक्यांचीच. गावोगावची दिवाळी माझ्या पोटातून निघते, असा माझा तोरा होता. पुढं प्लास्टिकचे डबे आले आणि मी कारखान्यातल्या विठाबाईंच्या घरी कोपऱ्यात जाऊन पडले.

यंदा त्यांची नात रोहिणी हिच्या शाळेनं परदेशातल्या युद्धात घरं गमावलेल्या लेकरांसाठी कपडे गोळा केले. सोलापूरची एक संस्था ते पुढं पाठवणार होती. रोहिणीचे जुने कपडे धाकट्या भावंडांच्या अंगावर होते. द्यायला तिच्याकडं होते ती मीच.

"कपडे हिच्यातच घालून पाठवू," ती म्हणाली.

मित्रांनो, मला तर समुद्रच दिसायला लागला! झबली, स्वेटर, टोपडी पोटात घेऊन मी बसल्या जागी जहाजात डुलत होते. पलीकडं कुणाचा तरी इवलासा हात माझी कडी काढत होता.

निघायच्या आदल्या दिवशी पुण्याहून शाळेत नव्यानं शिकवायला आलेल्या भैरवीबाईंनी झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला.

"कसला गं हा वास?"

"दारूचा, बाई. आज्जी हिच्यातच ठेवायची."

"आज्जी? दारू?" बाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"फटाक्याची, बाई!" पोरं खो खो हसली.

रोहिणीही हसली. मग तिनं एक झबलं नाकाशी धरलं.

"बाई, आपल्याला ह्यो वास दिवाळीचा वाटतो. त्या लेकरांना बॉम्बचा वाटंल. लई भेतील ती."

पोरांनी मला राखेनं घासलं, लिंबानं घासलं. वास काही हटेना. इतक्या वर्षांचा संसार आमचा.

"हिला न्हाय पाठवायचं," शेवटी रोहिणीच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. मीही रडले असते, पण गंज चढतो.

मग सगळे कपडे पुन्हा धुऊन शाळेच्या कुंपणावर वाळत घातले. वारा आला, बाह्या फुगल्या आणि मला वाटलं, ती लांबची लेकरंच इथं उन्हात खेळायला आली आहेत. मी मनातल्या मनात एकेकाला कुरवाळलं.

दुसऱ्या दिवशी कपडे कोऱ्या खोक्यातून गेले. मित्रांनो, कुणाला काही देताना ते आधी त्याच्या नाकानं हुंगून बघा. माझं जाणं राहिलं, याचं वाईट वाटतं. पण तो खोका उघडताना एकही लेकरू दचकणार नाही. मी तिकडं पाठवलं आहे ते एवढंच.