फुरसतीची बारी

बाळांनो, क्षणभर डोळे मिटा आणि माझ्याबरोबर राहुरीजवळच्या एका गावात या. उसाच्या कडेने पाटाचे पाणी वाहते आहे. बांधावर सहावीतली धनश्री उभी आहे, आणि तिचे वडील गोरक्षनाथ तावातावाने भांडत आहेत.

वरच्या शेजाऱ्याने ठरल्यापेक्षा तासभर जास्त पाणी घेतले होते. गावात पाण्याच्या बाऱ्या लावून देणारे म्हातारे बाबाजान चाचा भांडण मिटवायला आले.

"माझी बारी खाल्ली त्यानं! बारी म्हंजे बारी, चाचा!"

"खरं हाय. तुझा तास तुला मिळंल." चाचा धनश्रीकडे वळले. "काय गं, आई जानार ना खो-खोला?"

शाळेच्या मैदानावर पाच वाजता आयांच्या संघाची निवड होती. धनश्रीची आई राजेश्वरी शाळेत असताना अशी पळायची, की तिला शिवणे कुणाला जमत नसे! शाळेतल्या मोनिका बाईंनी दोनदा निरोप धाडला होता. आज ती गेली नाही, तर तिचे नाव वगळले जाणार होते.

"तिला कुठली फुरसत?" धनश्री म्हणाली. "सकाळी डबे, मग खुरपणी. आता धार काढायची, मग भाकरी."

"आन् तुमाला?"

"पप्पा पारावर जातात. मी टीव्ही बघते."

चाचा बांधावर बसले. "फुरसत शब्द अरबीतला. मौलवींनी शिकवलं हुतं मला. तिकडं पानी कमी. मानसं आळीपाळीनं पानी घ्यायची, त्या बारीला हा शब्द हुता. पुढं त्याचा अर्थ झाला संधी, आन् आपल्याकडं मोकळा वेळ. म्हंजे फुरसत वाटून घ्यायची असती, बाळ." मग ते हळूच म्हणाले, "गोरख, लग्नाला पंधरा वर्सं झाली. तिची बारी कोन खातंय रे?"

एका तासाच्या पाण्यासाठी गोरक्षनाथांनी शिवार डोक्यावर घेतले होते! आणि घरात?

ते धनश्रीला घेऊन तडक घरी आले. राजेश्वरी चरवी घेऊन गोठ्याकडे निघाली होती.

"दे इकडं. धार मी काढतो. तू मैदानावर जा."

"आन् भाकरी?"

"मीच थापतो."

"तुमी? भाकरी न्हाई, नकाशा व्हईल नकाशा!" ती हसली, पण पदर खोचून झालासुद्धा होता.

मुलांनो, घरात एकाच माणसाला कधीच फुरसत नसेल, तर त्याची बारी आपण खात आहोत, हे ओळखा. पाणी असो वा वेळ, ज्याची बारी त्याला मिळालीच पाहिजे!

राजेश्वरी फाटकाबाहेर पडते न पडते, तोच गोठ्यातून हाक आली, "अगं, पेंडीची पाटी कुठं हाय?"

ती मागे वळली. धनश्री धावत गेली आणि तिने फाटकाची कडी आतून लावली.

"तू जा, आई! मी शोधते," ती म्हणाली आणि गोठ्याकडे पळाली.