पाटीवरचा एक

दादाच्या नशिबातच जिंकणं नव्हतं, असं लोक म्हणतात तेव्हा माझं डोकं फिरतं. शर्यतीची गाडी तो झकास चालवायचा. पण अकरा वर्षांत प्रत्येक वेळी कुठेतरी माशी शिंकलीच. एकदा दुसऱ्याच्याच गाडीचं निखळलेलं चाक याच्या बॉनेटवर येऊन बसलं. एकदा पावसाने शर्यत थांबली तेव्हा हा दुसरा होता. निकाल मात्र आधीच्या फेरीवरून लागला आणि त्या फेरीत हा सातवा. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पुन्हा सरावाला हजर. वहिनी म्हणते, "लग्नाच्या दिवशीसुद्धा ह्यांनी मला कुठल्या वळणावर ब्रेक कधी मारायचा तेच सांगितलं."

आमच्या गटात ड्रायव्हरच्या कानात रेडिओ नसतो. ट्रॅकच्या भिंतीपाशी उभं राहून पाटी दाखवायची: तू कितवा, फेऱ्या किती उरल्या. आकड्यांचे पत्रे पाटीवर अडकवायचे असतात. ते काम माझं, टीममध्ये मला नोकरीही त्याच कामाची.

त्या शर्यतीआधी टीमच्या मालकांनी दादाला बजावलं होतं, "पहिल्या तिघांत आलास तर पुढच्या वर्षी गाडी तुझी. नाहीतर आपला नमस्कार."

शेवटच्या पाच फेऱ्या उरल्या आणि दादाच्या पुढच्या दोन्ही गाड्या एकापाठोपाठ बंद पडल्या. दादा पहिला! माझा तर विश्वासच बसेना. शेवटची फेरी राहिली तेव्हा पाटीवर क्रमांकाचा 'एक' आधीच होता; त्याखाली मी फेऱ्यांचा 'एक' अडकवला आणि पाटी उंच धरली. दादा समोरून गेला, आणि काय झालं कुणास ठाऊक, त्याने वेग सोडला. हात वर करून प्रेक्षकांना अभिवादन करायला लागला. चार गाड्या सुसाट पुढे गेल्या तरी तो निवांतच. त्याला समजेपर्यंत पाचवा आला होता.

मेकॅनिक म्हणाला, पाटीवर फेऱ्यांची जागा कोरी होती. वहिनी म्हणाली, तिने एक बघितला. मी खाली पाहिलं तर फेऱ्यांच्या 'एक'चा पत्रा माझ्या पायाशी पडलेला. कधी पडला? दादा जाण्याआधी की नंतर? मला काही म्हणजे काही आठवेना. हातातोंडाशी आलेला घास मीच घालवला का?

मालक तणतणत आले. "पाटी चुकली की हा चुकला?"

मी तोंड उघडणार तोच दादा म्हणाला, "मी मोजण्यात चुकलो. पाटी बरोबर होती."

मालकांनी त्याला तिथल्या तिथे काढलं.

कपडे बदलायच्या खोलीत तो बूट काढत बसला होता. मी दार लावून घेतलं. "दादा, खरं सांग. पाटीवर फेऱ्यांचा एक होता का?"

"काय माहीत."

"म्हणजे?"

"दोन वर्षं झाली, मला लांबचे आकडे पुसट दिसतात. तपासायला गेलो असतो तर गाडी काढून घेतली असती. मी तुझ्याकडे बघतो. तू ताठ उभी असलीस की शर्यत चालू. आज शेवटच्या वेळी उड्या मारत होतीस. म्हटलं, संपली वाटतं. आलो तिघांत."

पत्रा उड्यांनी पडला असणार, पण आता त्याला काय अर्थ? "अरे, मी उड्या मारत होते कारण एकच फेरी उरली होती आणि तू पहिला होतास!"

"पहिला?" त्याने बूट हातातच धरला. "मी?"

"पुढच्या दोघांच्या गाड्या बंद पडल्या ना!"

"रस्त्याकडेला गाड्या दिसल्या. मला वाटलं, मागच्या कुणाच्या तरी." त्याने बूट खाली ठेवला. मग म्हणाला, "किती वेळ होतो पहिला?"

"चार फेऱ्या."

"चार," तो म्हणाला आणि मग चिडला, लहानपणी चिडायचा तसा. "मग सांगायचं नाही का मला?"

मला रडू फुटलं. चारही फेऱ्या पाटी उंच धरून मी त्याला तेवढंच सांगत होते.