नाकावरच्या एका भोकाची कैफियत

मी एक भोक. सुलोचनाच्या नाकावर डाव्या बाजूला, नाकपुडीच्या जरा वर माझा मुक्काम आहे, तिथूनच बोलतोय. मोहरीच्या एका दाण्यात माझ्यासारखे चार मावतील. पण माझ्यापायी जेवढं पीठ, माती, लिंबू अन् वाफ खर्ची पडली, तेवढी घरातली भांडी घासायलाही पडली नसेल. दमलो आता. म्हणून एकदा बोलून घेतो.

माझा जन्म हिंगणीचा. सुलोचनाचे वडील पुंडलिकराव यांची तिथे भाजीची वाडी. वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, हे काढायचं आणि बाजाराला न्यायचं. सुलोचना जन्मली तेव्हाच मी तिच्या नाकावर होतो, पण निजलेला. लहान मुलांच्या नाकावरची भोकं अशीच निजून असतात, कुणाच्या नजरेस पडत नाहीत. ती तेरा-चौदा वर्षांची झाली आणि कुणीतरी गदागदा हलवावं तसा मी उठलो.

माझं काम काय, ते सांगतो, कारण ते कुणी विचारतच नाही. माझ्या तळाशी तेलाची एवढीशी पिशवी आहे. त्यातलं तेल वर आणायचं आणि कातड्यावर पसरू द्यायचं, म्हणजे कातडं कोरडं पडून तडकत नाही. माझ्यात एक केसही राहतो, इतका बारीक की तो सुलोचनालाही ठाऊक नाही.

सातवीच्या पुस्तकात आरोग्याचा धडा होता. त्वचेला असंख्य छिद्रे असतात, त्यांतून घाम बाहेर पडतो, ती स्वच्छ ठेवावीत. सुलोचनानं तो धडा पाठ केला, पासही झाली. आता घामाची छिद्रं वेगळी. ती माझ्या शेजारी राहतात आणि नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. दिसतो तो मी. पण एवढं खोलात कोण शिरतो?

त्याच वर्षी तिची आई गेली. मग घरात भाकरी तिनं थापायची आणि पडलेला प्रश्न तिनंच गिळायचा, अशी सवय लागली.

तिला पाहायला आंजीहून कौशल्याबाई आल्या. मुलगा श्रीधर तालुक्याच्या जनपद सभेच्या शाळेत मास्तर. पोहे झाले, नाव विचारून झालं, आणि कौशल्याबाई म्हणाल्या, "पोरी, जरा इकडं ये उजेडात." तिला दारापाशी उभं केलं, हनुवटीला हात लावून तोंड वर केलं. त्यांची नजर थेट माझ्यावर.

"देवी आल्या होत्या काय हो हिले?"

"नाई वो बाई," पुंडलिकराव घाईनं म्हणाले. "टोचलेली हाय, दंड पाहून घ्या. नाकच आमच्या घरचं तसं. हे पाहा माह्यं!" आणि त्यांनी आपलं नाक पुढं केलं.

सगळे हसले. कौशल्याबाईही हसल्या. "मंग ठीक हाय. नाक चाळणीचं असलं तं चालते, पोरगी गाळीव पाह्यजे."

पुन्हा हसणं झालं. लग्न ठरलं. बोलणाऱ्या बाई ते बोलून चहाच्या कपाकडे वळल्या. सुलोचना मात्र ती चाळणी पोटात घेऊन आंजीला नांदायला आली.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले.

आधी डाळीचं पीठ आणि लिंबू. लिंबानं मी आठवडाभर चुरचुरत होतो. मग टाचा घासायची वजरी. हो, वजरी! न्हाणीत कुणी नाही असं पाहून तिनं ती नाकावर फिरवली. मग शेजारच्या कमलानं सांगितलं की वाफेनं भोकं उघडतात आणि गार पाण्यानं मिटतात. झालं, रोज पातेलं, डोक्यावरून लुगड्याचा पदर, अन् खाली निंबाच्या पाल्याची वाफ.

बाई गं, मला दार नाही. कडी नाही, बिजागरी नाही. मी उघडणार काय आणि मिटणार काय? वाफेनं माझ्यातलं तेल जरा पातळ होतं. गार पाण्यानं भोवतीचं कातडं घटकाभर आवळतं. घटका सरली की मी होतो तेवढाच.

सगळ्यात वाईट तो आकडा, केसांत खोचायचा. माझ्या तोंडाशी तेल साचतं, त्याला हवा लागते आणि ते काळं पडतं. तिला वाटे, मळ आहे. आरसा खिडकीत टेकवून ती आकड्याच्या टोकानं ते उकरून काढी, वर दोन नखांत मला दाबी. चार दिवसांत तेल पुन्हा भरे, कारण ते माझं कामच. ती पुन्हा उकरी. दर खेपेला माझा काठ थोडा फाटे. आई-बापांनी दिला त्याहून मी मोठा झालो तो त्या आकड्यानं. मग मी दिसतो म्हणून ती वर पावडर थापी. पावडर तेलात कालवून माझ्यातच बसे, आणि मी दुपारपर्यंत दुप्पट दिसायला लागे. मग पुन्हा पीठ.

एकदा श्रीधर म्हणाले, "अगं, नाक आहे की पाटी? किती पुसशील?"

"तुम्हाले कोणी उजेडात नेऊन पाह्यलं नाई न," ती म्हणाली.

 मास्तर वह्या तपासायला बसले.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मुलगी झाली. माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण आंजीलाच झालं. बाळाला न्हाऊ घालायला, सुलोचनाला शेक द्यायला धुरपता येई. धुरपतानं गावातली निम्मी लेकरं मांडीवर घेतलेली. हात दणकट, तोंड त्याहून.

नवव्या दिवशी झरोक्यातून उन्हाची तिरीप आली आणि बाळाच्या तोंडावर पडली. सुलोचना वाकून पाहत होती, म्हणजे मीही पाहत होतो. बाळाच्या नाकावर बारीक बारीक पांढरे ठिपके. दहा-बारा असतील.

तिचा श्वास अडकल्याचं मला कळलं. तो माझ्या खालूनच जातो ना. 'आली,' तिच्या मनात आलं. 'माझी भोकं हिच्याही नाकावर आली. भरलेली आहेत म्हणून पांढरी दिसताहेत. उद्या काळी पडतील. मग हिलाही कोणी दारापाशी उभं करील.'

विचारायचं कुणाला? आई नव्हती. सासूला विचारावं तर तिथं चाळणी. तिनं कुणालाच विचारलं नाही. बारसं तीन दिवसांवर होतं. गावच्या बाया येणार, पाळण्यात वाकणार. त्याच्या आत हे गेलं पाहिजे, एवढंच तिला सुचलं.

दोन दिवस ती चोरून बाळाचं नाक घाशीत होती. ओल्या पंचाचं टोक, त्यावर डाळीचं पीठ. ठिपके तसेच राहिले, नाक मात्र लाल झालं. बाळ दूध ओढताना नाक आईला लागलं की कळवळून तोंड सोडी. कौशल्याबाई म्हणाल्या, "उष्णता झाली वाटते." 

अकराव्या दिवशी कौशल्याबाई बारशाचं बोलावणं करायला बाहेर गेल्या. धुरपता अंगणात बाळाचे कपडे धूत होती. सुलोचनानं दार लोटलं. बाळाला मांडीवर घेतलं. केसांतून आकडा काढला आणि पदराला पुसला.

तो आकडा माझ्याइतका कुणाला माहीत असणार? दहा-अकरा दिवसांचं नाक, जाईच्या पाकळीएवढं पातळ कातडं. मी ओरडलो असतो. पण मला तोंड आहे, आवाज नाही. माझ्यापाशी काय, तर तेलाची एक पिशवी.

बाजेखाली कोळशाची शेगडी होती. खोली कोंदलेली. ती वाकलेली. तिच्या नाकावर घाम आला. तो घाम माझा नव्हे, शेजाऱ्यांचा. ज्यांचं पुस्तकात नाव आहे, त्यांचा. त्यांनी थेंब धरला, मी त्यात माझं थोडं तेल सोडलं. थेंब नाकाच्या शेंड्यावर लोंबला, घरंगळला आणि बाळाच्या डोळ्यात पडला.

बाळानं असा टाहो फोडला की धुरपता ओल्या हातांनीच आत आली.

"काऊन रडून राह्यली वो मास्तरीणबाई? अन् हातात काय हाय?"

"आकडा."

"आकडा हाय ते मले बी दिसते. कायले?"

सुलोचनाचा बांध फुटला. "हिच्याबी नाकावर आली न, धुरपताबाई. माह्यासारखी भोकं. उद्या साऱ्या बाया पाहतीन."

धुरपतानं बाळ उचललं, दार पायानं ढकलून उघडलं आणि उजेडात धरलं. "कोनतं भोक? बोट फिरवून पाहा. वर आलेले दाणे हायेत हे, भोकं नाईत. दुधाचे दाणे म्हनतो आमी याले. महिन्या-दीड महिन्यात आपोआप जातात. तुमच्या मास्तरच्या नाकावर बी होते, सासूबाईले इचारा."

"त्याइले कसं इचारू? त्या मले चाळणी म्हनतात."

"कोन चाळणी म्हनते?"

कौशल्याबाई दारात उभ्या होत्या. हातातली कुंकवाची वाटी तशीच.

 सुलोचना मान खाली घालून म्हणाली, "तुमी पाह्यले आल्या होत्या तवा."

कौशल्याबाईंनी आठवून पाहिलं. आठवेना, हे त्यांच्या तोंडावर दिसलं. मग आठवलं, तेही दिसलं. त्या उंबऱ्यावर बसल्या. "अव, ते तं हसासाठी म्हनलं होतं मी. चार वर्सं तू ते धरून बसली?"

मग त्यांनी बाळाचं लाल नाक पाहिलं, सुनेच्या मुठीतला आकडा पाहिला. आता रागावतील असं मला वाटलं. त्यांनी हात पुढं केला, आकडा घेतला आणि आपल्या अंबाड्यात खोचला.

"हा माह्यापाशी राहीन. अन् पुढं काई वाटलं तं मले इचारत जाय. मी का वाघीण हाओ?"

"थोड्या हाय," धुरपता म्हणाली आणि बाळाच्या नाकाला खोबरेल लावायला बसली.

दुसऱ्या दिवशी बारसं झालं. मुलीचं नाव मीरा. एक बाई पाळण्यात वाकून म्हणालीच, "नाकाले काय झालं वो?"

"दुधाचे दाणे होत," कौशल्याबाई म्हणाल्या. "पाह्यले न? आता पुढं सरका, मागच्याइले पाहू द्या."

सुलोचना रोज सकाळी ते दाणे पाही. पाचव्या आठवड्यात शेवटचा गेला. त्या दिवशी ती मीराच्या नाकाला नाक लावून कितीतरी वेळ बसली, आणि मी पहिल्यांदाच त्या इवल्या कातड्याला टेकलो.

आता माझ्याकडे पाहायला तिला वेळ नाही. आकडाही नाही. सकाळ-संध्याकाळ साध्या पाण्यानं, कधी थोड्याशा साबणानं हलक्या हातानं तोंड धुते, टिपते, वर काही थापत नाही. उन्हात निघाली तर पदर पुढं ओढते. एवढ्यानंच माझं तोंड साफ राहतं, काठाची सूज गेली. कमला परवा म्हणाली, "भोकं लहान झाले वो तुमचे, काय लावता?" सुलोचना म्हणाली, "काई नाई." खरं सांगतो, मी लहान झालेलो नाही. पूर्वीपेक्षा कमी दिसतो, इतकंच. आकड्यानं फाटलेलं पुरतं भरून येत नाही. ते माझ्याबरोबर राहील.

मी थकलो आहे. तरी एक काळजी आहे, आणि ती सुलोचनाच्या काळजीहून वेगळी नाही. मीराच्या नाकावर माझ्या जातीची भोकं खरोखरच आहेत. आत्ता निजलेली आहेत. तेरा-चौदा वर्षांनी उठतील, तेल काढतील, कदाचित माझ्याएवढी दिसतीलही. ते कुणाच्या हातचं नाही. त्या दिवशी पोर आरशासमोर रडेल. तेव्हा, सुलोचना, तिला हसू नकोस, घासूही नकोस. जवळ बस, तुझं नाक तिला जवळून पाहू दे, अन् तोंड धुवायला तांब्याभर पाणी तिच्या हातात दे.