जुन्या क्रुसाची पाठवणी

वडील गेले आणि साइटवरची चोरी थांबली. एल्विराला तेच सलत होतं.

मेक्सिकोतल्या पुएब्ला शहराच्या वेशीवर उठणाऱ्या त्या इमारतीच्या हत्यारांच्या कोठीत ती आता वडिलांच्याच स्टुलावर बसायची. मागच्या वर्षभरात तिथून ड्रिल, ग्राइंडर एकेक करून नाहीसे झाले होते. आन्सेल्मोने, तिच्या वडिलांनी, प्रत्येक मुठीवर निळा पट्टा रंगवला. हत्यार नेणाऱ्याने आपला पितळी बिल्ला त्याच्या खिळ्यावर अडकवायचा, असा नियम केला. फाटकावर पिशव्या उघडायला लावल्या. चोरी थांबली नाही. मोठं ड्रिल गेलं तेव्हा त्याच्या रिकाम्या खिळ्यावर ते आपलं जाकीट अडकवू लागले. फेब्रुवारीत ते न्यूमोनियाने गेले. जाकीट तिथेच राहिलं.

"गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये," फाटकावरचा फिदेन्सिओ म्हणाला, "पण पिशव्या मी सगळ्यांच्या बघायचो. एक कोठीवाल्याची सोडून."

"मग माझी बघ."

"बघतोच की!" आणि त्याने तिच्या डब्यातल्या टोर्टिया, मक्याच्या पोळ्यासुद्धा उलगडून पाहिल्या.

इंजिनियर साहेब कोठीत डोकावत. नुसते जाकिटाकडे बघत आणि निघून जात.

धीर द्यायला एव्हारिस्तो मिस्त्री तेवढे येत. वडिलांचे जुने मित्र, शवपेटीला खांदा दिलेले. "लोकांची तोंडं कुठे धरतेस, पोरी? झालं ते त्याच्याबरोबर मातीत गेलं."

झालं ते म्हणजे काय, हे तिने विचारलं नाही. पण 'तुझा बाप चोर नव्हता' असं मिस्त्री एकदाही म्हणाले नव्हते, हे तिच्या ध्यानात राहिलं.

मग एप्रिलच्या अखेरीस एका ग्राइंडरचा खिळा रिकामा दिसला. बिल्लाही नव्हता.

"दुरुस्तीला दिलाय मी," मिस्त्री म्हणाले. "लगेच चेहरा कशाला पाडतेस?"

ग्राइंडर नवा होता. निळा रंग संपल्यामुळे तिने त्याला पिवळा पट्टा दिला होता.

तीन मेला गवंड्यांचा सण आला, पवित्र क्रुसाचा. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, फटाके उडाले, मोलेच्या रश्श्याची पातेली उघडली. गच्चीवर नवा क्रूस चढला. गेल्या सणापासून तिथे उभा असलेला जुना त्याच्या मानकऱ्याच्या घरी जायचा, आणि मानकरी होते एव्हारिस्तो. वर्षभर तेच पोत्यातून कागदी फुलं घेऊन त्याच्यापाशी जात. फुलं घेऊन जाणाऱ्याला कोण अडवणार?

पांढऱ्या लाकडी खोक्याच्या बैठकीवर ठोकलेला तो जुना क्रूस चौघांनी घाम गाळत खाली आणला.

"गेल्या वर्षी तर दोघांनी वर नेला होता!" एकजण धापा टाकत म्हणाला.

"वर्षभर आपली पापं झेलली त्याने, वजन वाढणारच!"

सगळे हसले. मिस्त्री सगळ्यांत मोठ्याने.

एल्विराने हातातली ताटली खाली ठेवली. क्रूस गाडीवर चढला. फिदेन्सिओने टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि फाटक उघडलं. ती गाडीसमोर जाऊन उभी राहिली.

"बैठक उघड," ती फिदेन्सिओला म्हणाली.

"अगं बाई, क्रूस आहे तो!"

"क्रूस राहू दे. खोकं उघड. टोर्टिया उलगडतोस ना?"

मिस्त्री गाडीतून उतरले. "आन्सेल्मोची पोर क्रुसाला हात लावणार? तुझ्या बापाला काय वाटेल?"

"त्यांनाच विचारायचं होतं, काका. जिवंत असताना तुम्ही त्यांना रोज तर भेटत होतात."

कुणी पुढे आलं नाही. तिनेच कोठीतली पहार आणली, मागच्या फळीत घातली आणि जोर दिला. फळी निघाली. आत कागदी फुलांत गुंडाळलेल्या मुठी होत्या. निळा पट्टा, निळा, पुन्हा निळा. आणि कडेला एक पिवळा.

"हा पट्टा माझ्या हातचा," ती इंजिनियर साहेबांना म्हणाली. "वडील फेब्रुवारीत गेले."

मिस्त्री म्हणाले, "मला काय ठाऊक, कुणी..." पण खोकं त्यांनीच ठोकलं होतं, गाडी त्यांची होती. माणसं आपापल्या ताटल्यांकडे बघत राहिली. फिदेन्सिओने फाटक लावून घेतलं. टोपी त्याच्या हातातच होती.

हत्यारं तिने एकटीने आत नेली आणि जागच्या जागी टांगली. मोठ्या ड्रिलला मात्र खिळा रिकामा नव्हता. ते छातीशी धरून ती त्याच्या खिळ्यापाशी गेली. मग जाकीट काढलं, अंगात घातलं, आणि ड्रिल त्याच्या जागी अडकवलं.