तारेचा तुकडा

रुमाल काढायला घड्याळजीने खिशात हात घातला आणि बोटाला काहीतरी टोचलं. तारेचा तुकडा. वीतभर, सकाळी त्यानेच कापलेला. आधी त्याला उमगेना. उमगलं तेव्हा तोंडातला घास तोंडातच राहिला.

दर शनिवारी सहलीच्या चार बोटी नदीत एकमेकींना बांधून उभ्या राहायच्या. नांगर मात्र एकच, त्याच्या दादाच्या बोटीचा, कारण तीच सगळ्यांत थोरली. नांगर साखळीला कडीने जोडलेला आणि कडीत आट्यांचा खिळा. हिसके बसून खिळा सुटू नये म्हणून त्याला तार पिळून बांधायची, एवढंच काम आज दादाने त्याच्यावर सोपवलं होतं. त्याने खिळा आवळला, तार कापली, तेवढ्यात वहिनीने हाक मारली, "भाऊजी, चहा गार होतोय!" आणि तार गेली खिशात. ज्याच्या हातून उभ्या जन्मात घड्याळाचा मोहरीएवढा स्क्रू हरवला नाही, त्याच्या हातून, बरं का!

मग त्याने तेव्हाच सांगून का टाकलं नाही? त्यालाही कारण होतं. गेल्या वर्षी किटलीची वाफ पाहून त्याने "आग! आग!" अशी बोंब ठोकली होती. धडाधड दोर सुटले आणि दातांचे डॉक्टर ताटासकट पाण्यात. तेव्हापासून तो भोंगा. वर्षभर त्याला कोणी बोलावलं नव्हतं. आज दादाने सगळ्यांची समजूत घालून आणलं होतं.

"काय भोंगा, आज गप्प?" पार टोकाच्या बोटीतून डॉक्टर ओरडले. "वाफबीफ दिसली नाही ना कुठे?"

"अहो, जेवू द्या की माझ्या दिराला," वहिनी म्हणाली आणि स्वतःच हसली.

डॉक्टरांच्या मागे, सावलीत, त्यांची तान्ही मुलगी झोपली होती.

दुपारपासून वारा उठला होता. चारही बोटी मिळून मागे रेटल्या जात आणि साखळी करकरे. दर हिसक्याला घड्याळजीला वाटे, गेला अर्धा आटा. देवा, एवढी संध्याकाळ निभावून ने, तो मनात म्हणाला. माणूस देवाला सांगतो, शेजारी बसलेल्या भावाला सांगत नाही.

खाली नदी बंधाऱ्यावरून कोसळत होती. सकाळी तो आवाज इथवर येत नव्हता. आता येत होता. वाऱ्याने येत असेल, त्याने स्वतःला समजावलं. पण वारा तर बंधाऱ्याकडेच चालला होता.

आणि करकर तर केव्हाच थांबली होती.

बोटी कशा अलगद झाल्या होत्या. शेजारच्या बोटीतल्या मास्तरीणबाई पत्ते पिसत म्हणाल्या, "चला, पडला एकदाचा वारा." त्यांच्या डोक्यावरचं कापडी छत मात्र फडफडत होतं.

"दादा."

"काय रे?"

"मी तार बांधली नाही." त्याने तळहात पुढे केला.

"वाजला! भोंगा वाजला!" डॉक्टरांनी टाळी पिटली. सगळे खदखदून हसले.

दादा हसला नाही. तो पुढच्या टोकाला गेला, वाकला आणि दोन्ही हातांनी साखळी ओढू लागला. एरवी त्या ओझ्याने त्याच्यासारख्या आडदांड माणसालाही धाप लागे. आज ती भराभर वर आली. शेवटी आली उघडी कडी, पाणी निथळत.

"डॉक्टर," दादा म्हणाला, आवाज मुळीच न चढवता, "आधी पोरीला उचला."