पायरी उंच झाली

त्या दुपारी वहिनीच्या ट्रकमध्ये चढताना मिस्त्रीचा पाय पायरीपर्यंत पोहोचलाच नाही. दुसऱ्या खेपेला दांडी धरून, गुडघ्यावर हात देऊन तो कसाबसा वर चढला आणि मनाशी म्हणाला, झालं, आता पायऱ्याही हसायला लागल्या. कान तर केव्हाच दगा देऊन बसले होते. बारीक आवाज त्याला तीन वर्षांपासून येत नव्हते, पण हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं. चाळीस वर्षं ज्याने इंजिनाला कान लावून दुखणं ओळखलं, त्याने हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ काच कापायचा आणि वहिनी ती ट्रकने घरोघरी पोहोचवायची. मागे लाकडाचा उभा घोडा होता, त्याच्या दोन्ही अंगांना काचा टेकवून पट्ट्यांनी बांधायच्या. तिचा डावा गुडघा वाकेनासा झाला, तेव्हा मिस्त्रीने आपल्या हातांनी जुना गिअरबॉक्स उतरवून ट्रकला ऑटोमॅटिक बसवला होता. क्लचची कटकट गेली आणि वहिनीचं काम राहिलं. भाऊ जाऊन वर्ष होत आलं. तेव्हापासून ती दुसऱ्या काचवाल्याचा माल पोहोचवत होती आणि ट्रक काही मिस्त्रीकडे आला नव्हता.

आता तो आला होता, कारण पंधरा दिवसांपासून थरथरत होता. काचवाल्याने वहिनीला शनिवारपर्यंतची मुदत दिली होती. गाडी नीट झाली तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस. क्लचची गाडी तिच्या पायाला झेपणारी नव्हती, तेव्हा नाहीतरचा अर्थ एकच होता, घरी बसणं. ती हे बोलली नाही. ती नुसतं म्हणाली की भावोजी, काच बोलते हो, तुम्ही ऐका तरी.

मिस्त्रीला काच ऐकू येणार नव्हती. म्हणून त्याने वही काढली.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये भोपळ्यासारखा गोल डबा असतो, तेलाने भरलेला. त्याला टॉर्क कन्व्हर्टर म्हणतात. आत समोरासमोर दोन पंखे. एक इंजिनाबरोबर फिरतो आणि तेल ढकलतो, त्या तेलाने दुसरा फिरतो. गाडी एका वेगात आली की आतली एक चकती दोघांना घट्ट धरते आणि मग दोघे एकाच फेऱ्याने चालतात. ती चकती धरेनाशी झाली की इंजिन जास्त फिरतं आणि गाडी मागे राहते. याला घसरणं म्हणतात. कान नसला तरी ते पकडता येतं, कारण ते आकड्यात दिसतं. गिअरबॉक्स बसवला त्या दिवशी मिस्त्रीने वहीत लिहून ठेवलं होतं की ताशी साठला इंजिनाचे फेरे मिनिटाला सोळाशे.

वस्तीच्या बाहेर सरळ रस्ता लागला. मागे चार काचा बांधलेल्या होत्या. ट्रकचा वेगाचा काटा गिअरबॉक्स बदलल्यापासून मेलेला होता, म्हणून वेग मिस्त्रीच्या मांडीवरच्या फोनवर. साठ. फेऱ्यांचा काटा सोळाशेवर. जराही इकडेतिकडे नाही.

वहिनी म्हणाली की बघा, आता बोलतेय. मिस्त्रीने मान हलवली. त्याला इंजिनाच्या घुमण्यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं, सीटखाली जरा थरथर जाणवली, पण ती रस्त्याचीही असेल. आकडा तर बरोबर होता.

"गाडीत काही नाही, वहिनी," तो म्हणाला. "दादा गेल्यापासून तुम्ही एकट्या पडलात, त्यामुळे वाटत असेल."

वहिनीने ट्रक वळवला, गॅरेजच्या दारात आणून उभा केला आणि किल्ली फिरवली. मग खाली उतरून चहा ठेवायला आत गेली, जणू तिथलीच आहे. मिस्त्री तसाच बसून राहिला. बोलून गेलो खरं, पण तोंडातून गेलेला शब्द म्हणजे भांड्याचा टवका, परत चिकटवता येत नाही.

उतरताना तो पुन्हा अडखळला. ही पायरी त्याने स्वतःच वेल्डिंग केली होती, वहिनीच्या गुडघ्याला सोसेल इतक्या उंचीवर. हाताने मोजली होती, दीड वीत आणि वर चार बोटं. त्याने खाली बसून जमिनीपासून पायरीपर्यंत वीत लावली. दीड वीत आणि वर सहा बोटं.

माणूस म्हातारा होतो तसा बुटका होतो म्हणतात, पण पायरी काही वाढत नाही. मिस्त्रीने खडू आणला. चाकावर एक खूण केली, बरोबर तिच्या खाली जमिनीवर दुसरी, आणि वहिनीला हाक मारून ट्रक अगदी हळू पुढे घ्यायला सांगितला. चाकाची खूण फिरून पुन्हा खाली आली तिथे त्याने थांबवलं आणि दोन्ही खुणांमधलं अंतर टेपने मोजलं. वहीत लिहिलेल्या जुन्या चाकाच्या घेरापेक्षा बाराव्या हिश्श्याने जास्त.

"हे टायर कोणी बदलले?"

वहिनीने कपबशी बाकड्यावर ठेवली. "तुमच्या दादांनी. जायच्या आधी दोन महिने. म्हणाले, उंच टायरवर काचेला आणि तुला धक्के कमी बसतील. वर म्हणाले, धाकट्याला सांगू नकोस, तो ओरडेल."

"ओरडलो असतोच," मिस्त्री म्हणाला, आणि त्याला हसू आलं.

मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता खातं. साठच्या वेगाला इंजिनाचे फेरे आता पंधराशेच्याही खाली असायला हवे होते. होते सोळाशे, म्हणजे आत कुठेतरी घसरत होतं. आकडा बरोबर दिसत होता म्हणूनच तो चुकीचा होता.

मिस्त्रीने चहा एका घोटात संपवला. "वहिनी, मला काच ऐकू येत नाही," तो म्हणाला. "तीन वर्षं झाली. मघाशी मी तुमच्या डोक्यावर खापर फोडलं."

"मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"तीन वर्षं मी काय हौस म्हणून ओरडून बोलते?"

पुन्हा त्याच रस्त्यावर गेले. या वेळी मिस्त्री मागच्या खिडकीतून हात घालून बसला, बोटं पहिल्या काचेला टेकवून. साठला पोहोचल्यावर काच बोटांखाली थरथरू लागली, बारीक, दात वाजावेत तशी. त्याने वहिनीला सांगितलं की ब्रेकला नुसता पाय टेकवा, वेग कमी करू नका. एवढ्याने कन्व्हर्टरच्या आतली चकती सुटते. तिने पाय टेकवला आणि बोटांखालची काच गप्प झाली. पाय उचलला, पुन्हा थरथर. तीनदा करून पाहिलं. गिअरबॉक्स ठणठणीत होता. घसरत होती ती चकतीच, मोठ्या चाकांचं ओझं आणि त्याने तापलेलं तेल वर्षभर सोसून. दोन दिवसांचं काम. शनिवारच्या आत.

परतताना तो म्हणाला की जुन्या मापाचे टायर घातले तर निम्मं दुखणं आपोआप जाईल. वहिनीने गिअरचा दांडा पुसला. तिने विचारलं की ते टायर काढायलाच हवेत का.

मिस्त्रीने विचार केला. मग म्हणाला की जास्त मजबूत चकतीचा कन्व्हर्टर घालू, पुढे तेल थंड करायची जाळी मोठी लावू आणि वहीत नवा आकडा लिहू. पायरी तेवढी दोन बोटं खाली घेऊ.

शुक्रवारी सकाळी गिअरबॉक्स बाकड्यावर उभा होता, तोंड वर करून. नवा कन्व्हर्टर त्यावर उतरवायचा आणि फिरवत फिरवत बसवायचा, तो तीन टप्प्यांनी खाली जातो. एक टप्पा जरी राहिला आणि तसाच गाडीवर चढवला, तर पहिल्याच दिवशी आतला तेलाचा पंप फुटतो. आजवर मिस्त्री हे तीन ठोके कानाने मोजत आला होता.

वहिनी स्टूल ओढून जवळ बसली. तिने कान गिअरबॉक्सच्या कडेशी नेला. मिस्त्रीने दोन्ही तळवे डब्यावर ठेवून हळू फिरवायला सुरुवात केली.

"एक," वहिनी म्हणाली.

तो ठोका त्याच्या तळव्यांनाही लागला.

"दोन."

मग बराच वेळ काहीच नाही. मिस्त्रीच्या कपाळावर घाम आला. तळव्यांना काहीतरी जाणवल्यासारखं झालं, पण त्याला खात्री नव्हती. त्याने वहिनीकडे पाहिलं. तिने मान हलवली, अजून नाही. तो पुन्हा फिरवू लागला, अगदी सावकाश.

"तीन," वहिनी म्हणाली, हळू आवाजात, न ओरडता, आणि त्याला ते ऐकू आलं नाही, पण तिच्या ओठांवरून कळलं.